अल्कोहॉल इंटरलॉक

वाहन सुरू करण्यापूर्वी चालकाच्या उच्छ्‌वासातील अल्कोहॉलाचे प्रमाण मोजणारे व ते ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक आढळल्यास वाहनाचे एंजिन सुरू होऊ न देणारे विद्युत् साधन. मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल दोषी ठरलेल्या व्यक्तीने आपल्या वाहनावर हे साधन विवक्षित मुदतीपर्यंत बसवून घेतले पाहिजे, अशी अट अमेरिकेची संयुक्त संस्थाने, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, स्वीडन, फिनलंड, बेल्जियम इ. देशांत न्यायालये किंवा परवाना-अधिकारी घालतात. भारतात अशी अट घालणारा कायदा झालेला नाही. तथापि ज्या तत्त्वावर हे साधन आधारलेले आहे, ते तत्त्व भारतीय रेल्वेत गाडीचालकांच्या बाबतीत रोज अंमलात येते. म्हणून या विषयाचा विचार भुसावळसारख्या रेल्वे व महामार्ग या दोहोंवर वसलेल्या गावाच्या संदर्भात करणे उद्‌बोधक ठरते.

‘इंटरलॉक’ हा शब्द रेल्वेच्या व्यवहारातून जंक्शनच्या गावी फार पूर्वीपासून रुळलेला आहे. सिग्नल-केबिनमधील तरफा एकमेकींशी अशा रीतीने जखडलेल्या असतात, की सांधे योग्य मार्गाला लागून पक्के झाल्याखेरीज त्या मार्गाचा सिग्नल देताच येत नाही. चूक करणाऱ्याला मागाहून शासन करण्याऐवजी ती चूक घडणेच यंत्राने अशक्य करावे, हे यामागील सूत्र होय. अल्कोहॉल इंटरलॉकमध्ये हेच सूत्र रस्त्यावरील वाहनाला लावलेले असते.

मद्य व वाहनचालन : मद्यातील एथिल अल्कोहॉल जठर व लहान आतडे यांतून रक्तात शोषले जाते व रक्ताबरोबर मेंदूत पोहोचते. त्यामुळे निर्णयशक्ती, लक्ष, अंतराचा व वेगाचा अंदाज आणि स्नायूंचा मेळ यांवर परिणाम होतो. यांपैकी निर्णयशक्ती प्रथम मंदावत असल्याने ‘मी गाडी नीट चालवू शकतो’ ही चालकाची स्वतःविषयीची ग्वाही विश्वसनीय राहत नाही. बाह्य मापनाची आवश्यकता यातूनच निर्माण होते. रक्तातील अल्कोहॉलाचे प्रमाण सामान्यतः दर १०० मिलि. रक्तात किती मिग्रॅ. अल्कोहॉल आहे, या एककात सांगतात. शरीर ते साधारणपणे ताशी १५ मिग्रॅ. या गतीने कमी करते. ही गती व्यक्तीगणिक थोडीफार बदलते. परंतु चहा, कॉफी, थंड पाण्याची आंघोळ किंवा थोडीशी झोप यांनी ती वाढत नाही. मध्यरात्री ज्याच्या रक्तात हे प्रमाण १२० मिग्रॅ. आहे, त्याच्या रक्तात सकाळी सहा वाजता सु. ३० मिग्रॅ. अल्कोहॉल शिल्लक असते. रात्री पिऊन पहाटे गाडी काढणारा चालक आपण शुद्धीवर आहोत असे प्रामाणिकपणे मानत असूनही कायद्याच्या मर्यादेवर किंवा तिच्या पलीकडे असू शकतो, हे या उदाहरणावरून लक्षात येईल.

इतिहास : रक्तातील अल्कोहॉलाच्या मापनाचा शास्त्रीय पाया स्वीडिश शास्त्रज्ञ एरिक विडमार्क यांनी घातला (१९३२). अल्कोहॉलाची ठरावीक मर्यादा ओलांडणे हाच गुन्हा मानणारा कायदा नॉर्वेने १९३६ मध्ये केला. अमेरिकेत रॉबर्ट बोर्केनस्टाइन यांनी १९५४ मध्ये ‘ब्रेथलायझर’ हे सुटसुटीत श्वासमापक उपकरण तयार केले आणि पोलिसांना रस्त्यावरच चाचणी घेणे शक्य झाले. ब्रिटनमध्ये १९६७ च्या कायद्याने ८० मिग्रॅ. ही मर्यादा ठरवून श्वासचाचणी सुरू करण्यात आली.

मापक वाहनालाच जोडावा ही कल्पना अमेरिकेत १९६९ च्या सुमारास पुढे आली. सुरुवातीच्या काही साधनांत श्वास न मोजता चालकाची प्रतिक्रियेची चपळाई किंवा आकडे लक्षात ठेवण्याची शक्ती तपासली जाई. परंतु थकलेला निर्व्यसनी मनुष्य व सरावलेला मद्यपी यांत त्यांना नीट भेद करता येईना. पुढे अर्धसंवाहक संवेदक वापरून श्वास मोजणारी साधने आली. सिगारेटचा धूर व इतर बाष्पे यांनाही हे संवेदक प्रतिसाद देत असल्याने त्यांची अचूकता बेताची होती. १९९० नंतरच्या दशकात इंधन-विद्युत् घटावर आधारलेले संवेदक प्रचारात आले व साधन न्यायालयीन उपयोगास योग्य ठरले. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये पहिला कायदा करून चार परगण्यांत त्याचा प्रयोग केला. पहिल्याच गुन्ह्यापासून सर्व दोषी चालकांना इंटरलॉक सक्तीचे करणारे न्यू मेक्सिको हे पहिले राज्य होय (२००५). आता संयुक्त संस्थानांतील सर्व ५० राज्यांत या विषयाचा कोणता ना कोणता कायदा आहे. स्वीडनने १९९९ मध्ये वैद्यकीय देखरेखीची जोड देऊन ही योजना सुरू केली. फ्रान्समध्ये प्रवासी बसगाड्यांना २०१५ पासून इंटरलॉक बंधनकारक आहे. यूरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमानुसार नव्या मोटारगाड्यांत असे साधन जोडण्याची सोय ठेवावी लागते.

रचना व कार्य : साधनाचे दोन मुख्य भाग असतात. चालकाच्या हाताशी असलेल्या भागात तोंडात धरावयाची नळी, संवेदक व दर्शक असतात. दुसरा, नियंत्रक भाग गाडीच्या दर्शकफलकामागे बसविलेला असतो. त्यातील रिले एंजिनाच्या स्टार्टरच्या विद्युत् मंडलात जोडलेला असतो. चालकाने नळीत काही सेकंद सलग फुंकावे लागते. सुरुवातीची हवा तोंडातील व श्वासनलिकेतील असल्याने ती सोडून देऊन फुप्फुसांच्या खोल भागातून येणाऱ्या हवेचा नमुना घेतला जातो. वायुकोशांमध्ये रक्त व हवा यांत अल्कोहॉलाचा समतोल साधलेला असतो. व्यवहारात २,१०० मिलि. उच्छ्‌वासात जेवढे अल्कोहॉल असते तेवढेच १ मिलि. रक्तात असते, असे धरतात. या हिशेबाने दर १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. म्हणजे दर लिटर उच्छ्‌वासात सु. ०·१४ मिग्रॅ. होय.

इंधन-विद्युत् घटात प्लॅटिनमाच्या विद्युत् अग्रावर अल्कोहॉलाचे ऑक्सिडीकरण होऊन ॲसिटिक अम्ल बनते व त्या विक्रियेत अल्कोहॉलाच्या प्रमाणात विद्युत् प्रवाह निर्माण होतो. हा प्रवाह मोजून प्रमाण ठरविले जाते. ते मर्यादेच्या आत असल्यास रिले मंडल पूर्ण करतो. अन्यथा स्टार्टर फिरत नाही व काही मिनिटांनी पुन्हा चाचणी घ्यावी लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांनी साधनाची मर्यादा २० ते २५ मिग्रॅ. ठेवलेली आहे. नुकतेच तोंड धुण्याचे औषध किंवा अल्कोहॉलयुक्त खोकल्याचे औषध घेतले असेल, तर तोंडातील अवशेषामुळे चुकीचा आकडा येतो. चूळ भरून पंधरा मिनिटे थांबल्यास तो नाहीसा होतो. घटाची संवेदनशीलता कालांतराने बदलत असल्याने एक ते दोन महिन्यांनी अधिकृत केंद्रात ज्ञात प्रमाणाच्या वायूने साधन तपासून जुळवून घ्यावे लागते.

गाडी सुरू झाल्यानंतरही अनियमित अंतराने चालकाकडून पुन्हा चाचणी मागितली जाते. शुद्धीत असलेल्या सोबत्याकडून फुंकून घेऊन मग पिणे किंवा गाडी चालू ठेवून मद्यपानगृहात जाणे, यांना त्यामुळे आळा बसतो. या फेरचाचणीत अपयश आले, तरी साधन चालत्या गाडीचे एंजिन बंद करीत नाही. तसे केल्यास महामार्गावर अधिक मोठा अपघात ओढवेल. त्याऐवजी भोंगा व दिवे चालू होतात आणि घटनेची नोंद होते. फुगा, पंप इ. युक्त्यांनी साधन फसवू नये म्हणून फुंकताना विशिष्ट पद्धतीने हुंकार देणे किंवा मध्येच श्वास आत ओढणे आवश्यक केलेले असते. श्वासाचे तापमान व दाबही तपासला जातो. अलीकडील साधनांत फुंकणाऱ्याचे छायाचित्र घेणारा कॅमेरा असतो. प्रत्येक चाचणी, प्रत्येक नकार व तारा तोडण्याचा प्रत्येक प्रयत्न साधनाच्या स्मृतीत नोंदला जातो आणि ही नोंद देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाते. कुलपाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व या नोंदीला आहे.

परिणामकारकता : विविध देशांतील १५ अभ्यासांच्या २०११ मधील समालोचनानुसार, साधन बसविलेले असताना त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा पकडले जाण्याचे प्रमाण केवळ परवाना रद्द झालेल्या चालकांच्या तुलनेने सु. दोन-तृतीयांशाने कमी आढळले. सर्व दोषींना इंटरलॉक सक्तीचे करणाऱ्या अमेरिकी राज्यांत मद्यसंबंधित अपघातांतील मृत्यू सु. १५ टक्क्यांनी कमी असल्याचा निष्कर्ष २०१६ मधील एका अभ्यासात निघाला. परंतु साधन काढून घेतल्यावर गुन्ह्याचे प्रमाण पुन्हा पूर्वपदावर येऊ लागते, असेही या अभ्यासांतून वारंवार दिसले आहे. इंटरलॉक मद्यपीला गाडीपासून दूर ठेवते, मद्यापासून नव्हे. म्हणूनच स्वीडनसारख्या देशांनी साधनाला वैद्यकीय तपासणी व उपचार यांची जोड दिली.

साधनाचा खर्च सामान्यतः दोषी व्यक्तीलाच करावा लागतो. नेदर्लंड्समध्ये डिसेंबर २०११ मध्ये सुरू झालेली सक्तीची योजना तेथील राज्यपरिषदेच्या निर्णयामुळे २०१५ मध्ये थांबविण्यात आली. हा खर्च व उपजीविकेवर होणारा परिणाम यांचा प्रत्येक व्यक्तीच्या परिस्थितीनुसार विचार करण्यास त्या योजनेत वाव नव्हता, आणि धंदेवाईक मालमोटारचालकांना तर काही वर्षे आपल्या व्यवसायासच मुकावे लागे. शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात असावी, या तत्त्वाचा या निर्णयाने पुरस्कार केला.

भारतातील कायदा : मोटर वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८५ अन्वये दर १०० मिलि. रक्तात ३० मिग्रॅ. पेक्षा अधिक अल्कोहॉल असताना वाहन चालविणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रु. पर्यंत दंड किंवा दोन्ही, व पुन्हा गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १५,००० रु. पर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कलम २०३ प्रमाणे गणवेशातील पोलीस अधिकारी श्वासचाचणी घेऊ शकतो; कलम २०४ रक्ताच्या नमुन्यासंबंधी आहे. अटक झालेल्या चालकाची वैद्यकीय तपासणी दोन तासांच्या आत व्हावी लागते. कलम २० अन्वये, दोषी ठरलेल्या चालकास किमान सहा महिने परवान्यासाठी अपात्र ठरविण्याचा आदेश न्यायालयाने द्यावयाचा असतो. गुन्ह्यास साहाय्य करणारा, उदा., चालक प्यालेला आहे हे ठाऊक असून त्याला गाडी काढावयास लावणारा मालक, कलम १८८ खाली दोषी ठरू शकतो.

महाराष्ट्रात रक्तातील अल्कोहॉलाच्या न्यायवैद्यक मापनाची परंपरा याहून जुनी आहे. १९४९ च्या मुंबई (आता महाराष्ट्र) दारूबंदी अधिनियमाच्या कलम ६६ मध्ये रक्तातील ०·०५ टक्के ही मर्यादा पुराव्यासाठी धरलेली असून रक्तचाचणीचे नियम १९५९ मध्ये करण्यात आले. वांद्रे येथील कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली पदपथावर झोपलेले सात मजूर ठार झाले. या प्रकरणी सदोष मनुष्यवधाची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम केली. याच न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ च्या निर्णयाने राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मी. पर्यंत मद्यविक्रीस मनाई केली. पुढे जुलै २०१७ मध्ये नगरपालिकांच्या हद्दीपुरता तो निर्णय शिथिल झाला. हे सर्व उपाय मद्याच्या विक्रीवर किंवा गुन्हा घडून गेल्यानंतरच्या शिक्षेवर भर देतात. पिणे व गाडी सुरू करणे या दोन क्षणांच्या दरम्यान हस्तक्षेप करणारी तरतूद त्यांत नाही.

रेल्वेतील पूर्वचाचणी : भुसावळ हे मध्य रेल्वेच्या एका विभागाचे मुख्य ठाणे आहे. मुंबईकडून येणारा मार्ग येथे इटारसी व नागपूर या दोन दिशांना फुटतो, तर सुरतेचा मार्ग नजीकच्या जळगावहून निघतो. अशा जंक्शनवर गाडीचालक (लोको पायलट), सहायक चालक व गार्ड (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर) यांच्या तुकड्या बदलतात. कामावर रुजू होताना प्रत्येकाला क्रू लॉबीत हजेरी द्यावी लागते व त्याच वेळी श्वासचाचणी होते. हजेरीच्या संगणकीय पद्धतीला ओळख पटविण्याचे साधन व श्वासमापक जोडलेले असल्याने एकाच्या जागी दुसरा फुंकू शकत नाही. चाचणीत अल्कोहॉल आढळल्यास त्या कर्मचाऱ्याला गाडी दिली जात नाही. दुसरा चालक नेमला जातो व पुढील चौकशी होते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १७२ अन्वये कामावर असताना नशेत असणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. याखेरीज विद्युत् एंजिनात दक्षता-नियंत्रक साधन असते. सु. एक मिनिटाच्या अवधीत चालकाने कोणतीही क्रिया केली नाही, तर आधी दिवा व मग भोंगा त्याला सावध करतो आणि तरीही प्रतिसाद न मिळाल्यास ब्रेक आपोआप लागतात.

रेल्वेची ही व्यवस्था परिणामकारक ठरते त्याची कारणे श्वासमापकाबाहेरची आहेत. चालकाची ओळख निश्चित असते, चाचणी देखरेखीखाली होते, नोंद वरिष्ठांपर्यंत जाते, आणि गाडी अडून राहू नये म्हणून बदली चालक उपलब्ध असतो. शिवाय एंजिन चालकाच्या मालकीचे नसल्याने ते घेऊन तो परस्पर निघून जाऊ शकत नाही.

खानदेशातील रस्ते व अंमलाचे प्रश्न : रेल्वेला समांतर असा सुरत–धुळे–जळगाव–भुसावळ–नागपूर महामार्ग (पूर्वीचा क्र. ६, आता क्र. ५३) याच गावावरून जातो व धुळ्याजवळ मुंबई–आग्रा महामार्गाला छेदतो. रावेर, यावल, सावदा या भागातील केळी भरून उत्तर भारताकडे निघणाऱ्या मालमोटारी, दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राची वाहतूक, प्रवासी रिक्षा, ट्रॅक्टर आणि असंख्य मोटारसायकली, अशी येथील वाहनांची मिश्र गर्दी आहे. या वाहनांना इंटरलॉक लावू गेल्यास पुढील अडचणी येतात.

(१) दुचाकी : किक मारून सुरू होणाऱ्या मोटारसायकलीत स्टार्टरचे मंडल तोडून उपयोग नाही, बंध ठिणगी देणाऱ्या मंडलातच घालावा लागेल. पाऊस, धूळ व खानदेशी उन्हाळ्याचा ताप यांत उघड्यावर राहणारे साधन टिकाऊ असावे लागेल. विद्युत् वाहनांत प्रज्वलनच नसल्याने बंध चालन-नियंत्रकात असावा लागतो. (२) मालक व चालक : शिक्षा व्यक्तीला होते, साधन मात्र वाहनाला लागते. मालमोटारीचा चालक बहुधा पगारी असतो. आपल्या गाडीवर साधन बसवून घेण्यापेक्षा त्या चालकाला कामावरून काढणे मालकाला सोपे वाटेल. उलट, दोषी चालक दुसऱ्याची गाडी घेऊनही निघू शकतो. म्हणून ही अट चालकाच्या परवान्यावर नोंदली जाणे व परवान्यांची ‘सारथी’ आणि वाहनांची ‘वाहन’ या संगणकीय नोंदवह्या तिच्या अंमलासाठी एकत्र वापरणे आवश्यक ठरते. (३) देखभाल : दर महिना-दोन महिन्यांनी साधन जुळवून घेण्यासाठी तालुक्याच्या गावी विश्वसनीय केंद्र हवे, अन्यथा भुसावळच्या रिक्षाचालकाला त्यासाठी एका दिवसाची कमाई सोडून दूर जावे लागेल. (४) तपासणी : केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ च्या नियम ११८ अन्वये मालवाहू व प्रवासी वाहनांना वेगमर्यादा-नियामक लावण्याची सक्ती आहे, म्हणजे साधनाची सक्ती ही कल्पना आपल्या कायद्याला नवी नाही. तथापि साधन बसविल्याचा दाखला हा ते चालू असल्याचा पुरावा होत नाही. साधनातील नोंद नियमितपणे वाचणारा अधिकारी नसेल, तर इंटरलॉकची गतही तोडलेल्या तारांसारखीच होईल.

केवळ परवाना काढून घेण्याच्या शिक्षेतही उणीव आहे. ज्याचे पोट स्टिअरिंगवर आहे असा मनुष्य सहा महिने गाडी चालविणार नाही, असे गृहीत धरणे वस्तुस्थितीला धरून नाही. तो बहुधा परवान्यावाचून, आणि कोणाच्याही देखरेखीवाचून, चालवीत राहतो. त्याचे कुटुंब व रस्त्यावरील अनोळखी माणसे या दोघांनाही त्यात धोका असतो. इंटरलॉकसह मर्यादित परवाना दिल्यास त्याची मिळकत चालू राहते व प्रत्येक फेरीपूर्वी तो शुद्धीत असल्याची खात्री होते. भारतात २०२२ मध्ये रस्ते-अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी मद्यामुळे झालेले म्हणून नोंदलेले मृत्यू थोडे असले, तरी प्रत्येक अपघातानंतर चालकाची वेळेवर चाचणी होतेच असे नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

अशी योजना आखताना प्रथम पुन्हा गुन्हा करणारे चालक व प्रवासी वाहनांचे चालक यांच्यापुरती ती मर्यादित ठेवणे, गरिबांसाठी खर्चाची सवलत देणे, व्यसनाधीन व्यक्तींना उपचार मिळवून देणे आणि साधन काढण्याची मुदत केवळ दिनदर्शिकेवरून न ठरवता निर्दोष नोंदीवरून ठरविणे, या गोष्टी इतर देशांच्या अनुभवावरून इष्ट दिसतात. चाचणी, ओळख, नोंद व पर्यायी व्यवस्था ही रेल्वेच्या लॉबीत एकत्र आलेली चार अंगे रस्त्यावरील वाहतुकीत जितकी उभी राहतील, तितकेच इंटरलॉक उपयोगी पडेल.